बंकटने घडवलेला स्वित्झर्लंडचा अभ्यास दौरा

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव बंकट. मेहुणा कोणाचा, तर दूध संस्थेचे चेअरमन रंगनाथ नाना यांचा. बहिणीच्या लग्नानंतर चार दिवस पाहुणा म्हणून आला, तो परत गेलाच नाही.

भोळा म्हणजे किती भोळा? त्याला कोणी म्हटलं, "जरा बस," तर कोणी ऊठ म्हणेपर्यंत तो बसून राहायचा. एकदा बहीण म्हणाली, "दुधावर लक्ष ठेव." दूध उतू गेलं. बंकटने ते पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत लक्ष देऊन पाहिलं. आता बायकोच्या भावाला घराबाहेर काढायची छाती कोणाची? नानांची तर नव्हतीच. त्यांनी त्याला संस्थेत चिकटवून टाकलं.

शेजारच्या बोरखेडीचा चेअरमन परदेशी अभ्यास दौऱ्यावर जाऊन आला होता. गॉगल लावलेला त्याचा फोटो त्याच्या ऑफिसात टांगलेला होता. तो पाहिल्यापासून नानांच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनी संचालकांची बैठक बोलावली आणि ठरवलं, आपण स्वित्झर्लंडला जायचं. तेही ऐन जानेवारीत. बर्फात उभं राहून फोटो काढायचा आणि बोरखेडीकरापेक्षा मोठा करून लावायचा. खर्च अर्थातच संस्थेचा, म्हणून दौऱ्याला नाव दिलं 'परदेशी गाईंच्या संगोपनाचा अभ्यास'. जानेवारीत तिकडच्या गाई गोठ्याबाहेर शिंगसुद्धा काढत नाहीत, हे संचालकांना ठाऊक होतं. सभासदांना ठाऊक नव्हतं. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

घाई एवढ्यासाठी, की मार्चमध्ये संस्थेची निवडणूक होती. जाऊन यायचं, फोटो टांगायचा आणि त्या फोटोखाली बसून पुन्हा निवडून यायचं, असा नानांचा बेत होता. बेत चांगला होता. फक्त नानांच्या पत्नी, म्हणजे बंकटच्या बहीण आक्का, मध्ये पडल्या.

"मला तर नेतच न्हाय," आक्का म्हणाल्या, "निदान माझ्या भावाला तरी जबाबदारीचं काम द्या की."

नानांनी दौऱ्याची सगळी तयारी बंकटच्या हाती दिली. घरात शांतता हवी म्हणून माणूस काय काय करतो!

बंकट तालुक्याला गेला. तिथे सहली काढणाऱ्या वैद्यबाईंचं ऑफिस होतं. बाई म्हणाल्या, "जानेवारीत जाताय? अहो, हाडं गोठतात तिथे. मंडळींना थोडी थंडीची सवय करून ठेवा."

बंकटने येऊन नानांना सांगितलं. नाना पान जुळवत होते. म्हणाले, "मग करून टाक की सवय. समद्यांचीच कर."

दुसऱ्या दिवशी संचालकांना निरोप गेला, बैठक श्रीखंडाच्या कोल्ड रूममध्ये आहे. संचालकांना वाटलं, श्रीखंड आहे. नानांसकट सगळे लगबगीने आत गेले. बंकटने बाहेरून कडी घातली आणि दाराशी पोतं टाकून बसला. आतून हाका आल्या. मग थापा आल्या. मग लाथा आल्या. बंकट मनाशी म्हणाला, सवय व्हायला लागली. मग आवाज बंद झाले. बंकट म्हणाला, झाली. आणि त्याने कडी काढली.

संचालक एकमेकांना मिठ्या मारून उभे होते. एरवी त्यांचं एकमेकांशी पटत नसे. सरजेराव तात्यांच्या मिश्या काठीसारख्या ताठ झाल्या होत्या. नानांना आधी बोलताच येईना. बोलता आलं तेव्हा ते ओरडले, "आरं गाढवा! थंडीत न्यायच्या आधी माणूस गुंडाळायचा आसतो! डोस्क्यापास्नं पायापातुर! नाकाचा शेंडासुदिक दिसता कामा न्हाय!"

"बरं दाजी. पुढल्या येळेला तसंच करीन."

मग व्हिसासाठी फोटो काढायचे आले. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत नवा एसी बसवलेला होता. बंकट दार उघडून आत डोकावला, तर गार वारा अंगावर आला. त्याला दाजींचे शब्द आठवले. तो तसाच माघारी फिरला आणि घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन आला. कोल्ड रूमपासून सगळ्या संचालकांना सर्दी झालेली होतीच, त्यांनी आनंदाने गुंडाळून घेतलं. बंकटने एकेकाचं नाक आत खोचलं. फोटोवाल्याला वाटलं, परदेशचा काही नवा नियम असेल. त्याने सगळ्यांना हसायला सांगितलं आणि फोटो काढले. घोंगडीच्या आत कोण हसलं, कोण नाही, देव जाणे.

वैद्यबाईंनी फोटो पाहिले. उलटे धरून पाहिले. म्हणाल्या, "यातले नाना कोणते?"

"ती काळी घोंगडी हाय न्हवं, लाल काठाची? ते आमचं दाजी."

फोटो परत आले. नानांनी ते टेबलावर आपटले. "आरं मुडद्या! सरकारी कामात काय झाकून ठिवायचं नसतं! समदं उघडं करून दावायचं! म्होरच्या माणसाला आरपार दिसलं पायजे!"

"बरं दाजी. पुढल्या येळेला तसंच करीन."

नवे फोटो निघाले, नाकं दिसली, नानांचा जीव भांड्यात पडला. मग एक दिवस दौऱ्याला मंजुरी द्यायला जिल्ह्याहून साहेब आले. चहा झाला, चिवडा झाला. साहेबांनी पेन उघडलं आणि विचारलं, "दौऱ्याचा उद्देश काय?"

नाना घसा साफ करत होते, तेवढ्यात बंकट पुढे झाला. काम सरकारी होतं. झाकून ठेवायचं नव्हतं.

"फोटो काढायचाय, सायेब. बर्फात. बोरखेडीच्या चेअरमनपक्षा मोठा."

साहेबांचा हात थांबला. "बाकीचे संचालक कशाला चाललेत?"

"तात्या बर्फात लोळणार हायती. एक जण घड्याळ आणणार. एक जण म्हनतोय, बायकू संगं नसताना आठ दिस कसं वाटतंय ते बघायचंय."

"आणि गाई?"

"त्या जानेवारीत गोठ्यात आसत्यात, सायेब. म्हणून तर जानेवारी धरली. मधीमधी येत न्हाईत."

साहेबांनी पेन बंद केलं. नानांनी साहेबांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. बाहेर आल्यावर साहेबांच्या गाडीत तुपाचे डबे चढले आणि दौऱ्याचा उद्देश उदात्त ठरला. निघताना साहेब एवढंच म्हणाले, "नाना, माझी नोकरी आहे. कागदावर मला गाय सोडून काही दिसता कामा नये."

गाडी वळताच नानांनी बंकटचा कान धरला. "आता ध्यान दिऊन ऐक. हितनं पुढं कुणी काय बी इचारू दे. ऱ्हानार कुठं, फिरनार कुठं, बघनार काय, तुझं उत्तर एकच. गाय! गाईबिगर दुसरा शबुद काढलास तर तुझी गाठ माझ्याशी हाय."

"बरं दाजी. पुढल्या येळेला तसंच करीन."

दौऱ्याचा कार्यक्रम ठरवायला बंकट पुन्हा वैद्यबाईंकडे गेला. बाई हसून म्हणाल्या, "हॉटेल कसं देऊ? डोंगरावरचं, की तळ्याकाठचं?"

"गाय."

"म्हणजे गाई दिसतील असं का? बरं, सकाळी काय पाहणार?"

"गाय."

"आणि दुपारी? तारेवरच्या पाळण्यात बसून बर्फाच्या शिखरावर जाता येतं. सगळे जातात."

"गाय."

"संध्याकाळी बाजारात चक्कर?"

"गाय."

वैद्यबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं त्या लोकांना परदेशी पाठवत होत्या. कोणी चॉकलेटं विचारायचं, कोणी तिकडे वरण-भात मिळेल का विचारायचं. गाईंसाठी जीव टाकणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी हॉटेल रद्द केलं, पाळणा रद्द केला, बाजार रद्द केला. खूप खटपट करून एका दूरच्या दरीतला शेतकरी शोधला. गोठ्याच्या माळ्यावर राहायचं, शेतकऱ्याबरोबर पहाटे उठायचं, पडेल ते काम करायचं आणि शिकायचं. परतीची तिकिटंसुद्धा बाईंनी स्वतःकडेच ठेवली, गडबडीत हरवायला नकोत म्हणून.

कार्यक्रमाचा कागद नानांनी वाचला. सोमवार गोठा. मंगळवार गोठा. बुधवार गोठा आणि वैरण. साहेबांना दाखवायला खोटा कागद केलाय असं समजून नाना खदाखदा हसले. त्यांनी बंकटच्या पाठीवर थाप मारली. "वा रं पठ्ठ्या! कागद आसा पायजे! सायबाच्या बापाला शंका याची न्हाय!"

दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा शाब्बासकी दिली. बंकटला रडू आलं.

निघायच्या दिवशी बँड लावला होता. संचालकांनी कोट घातले होते. नानांनी गॉगल आत्तापासूनच लावला होता, त्यामुळे ते गाडीऐवजी बँडवाल्याच्या अंगावर चढत होते. त्यांनी बंकटला बाजूला घेतलं. "मी तिकडनं फोन करीन. आता मौजेत आसलेला मानूस फोनवर काय बी बोलून जातो. आन ऑफिसात सभासद बसल्यालं आसणार. तवा मी काय का बोलंना, तू मोठ्यांदा येवढंच सांगायचं, अभ्यास जोरात चाललाय, दिस कमी पडत्यात."

"बरं दाजी. पुढल्या येळेला तसंच करीन."

चार दिवसांनी फोन आला. सकाळची वेळ होती. दूध घालायला आलेल्या बायका आणि बाप्ये ऑफिसात टेकले होते.

"बंकट!" नानांचा आवाज चिरका झाला होता. "आरं, हितं हाटेल न्हाय! गोठा हाय गोठा! मला पहाटं उठिवत्यात रं! शेण काढाय लावत्यात!"

बंकट उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अभ्यास जोरात चाललाय! दिस कमी पडत्यात!"

"तात्याला गाईनं लाथ घातली! आन म्या अजून बर्फात पाय ठिवला न्हाय! खिडकीतनं दिसतोय तेवढाच! त्या बाईला सांग, आमाला म्हागारी आण!"

"अभ्यास जोरात चाललाय! दिस कमी पडत्यात!"

"आरं गाढवा, म्या खरं सांगतोय!"

बंकट हसला. काय का बोलंना, असं दाजींनी आधीच बजावून ठेवलं होतं. तो तिसऱ्यांदा तेच म्हणाला, पहिल्यापेक्षा मोठ्याने. तिकडून नुसतं हुंदके दिल्यासारखं ऐकू आलं आणि फोन तुटला.

ऑफिसातल्या लोकांना नानांचे शब्द कळले नव्हते, नुसता भरलेला आवाज ऐकू आला होता. हौसाबाई जुनी सभासद होती. दोन वेळचं दूध डोक्यावर आणून घालायची आणि फॅट कमी म्हणून नानांची बोलणी खायची. तिने पदराने डोळे पुसले.

"आवाज ऐकलासा नानांचा? किती जीव लावून शिकत्यात! आपुन उगा त्यांच्या नावानं बोटं मोडत हुतो. दिस कमी पडत असतील तर वाढवा की."

सभासदांनी तिथल्या तिथे हात वर केले. ठराव एकमताने मंजूर झाला. संस्थेच्या आयुष्यातला हा पहिला एकमताचा ठराव होता. बंकट धावत वैद्यबाईंकडे गेला. बाईंनी व्हिसाची जेवढी मिळेल तेवढी मुदत वाढवून घेतली आणि परतीची तिकिटं मार्चअखेरची केली. तिकडे शेतकरी खूश झाला. एवढी माणसं गोठ्यात राबायला, आणि वर पैसे तीच देणार! असला हिवाळा त्याच्या आज्यानेही पाहिला नसेल.

मग दरीत आणखी बर्फ पडला. रस्ता बंद झाला. फोन लागेना.

फोन लागला तेव्हा मार्च निम्मा सरला होता. नानांचा आवाज आता अगदी मऊ झाला होता. पहाटे उठून माणूस मऊ होतो.

"बंकट, बाळा," नाना म्हणाले, "फोटोचं जाऊ दे. मला येवढंच सांग. निवडणूक पुढं ढकललीय न्हवं?"

"न्हाय, दाजी. झाली की. बिनविरोध झाली!"

नानांनी सुटकेचा श्वास टाकला. तो इकडे फोनमध्ये वाऱ्यासारखा ऐकू आला. "बिनविरोध? माझ्या इरोधात कुणी उभंच ऱ्हायलं न्हाय म्हण की!"

"तुमच्या इरोधात कसं ऱ्हातील? तुमी तरी कुठं हुता?" बंकट म्हणाला. "सायबांनी इचारलं, नाना चेअरमनकीला पुन्यांदा उभं ऱ्हानार का? मी उठलो आन सांगितलं, अभ्यास जोरात चाललाय, दिस कमी पडत्यात. सायेब म्हनलं, खरंय, मग त्यांच्या डोस्क्यावर खुर्चीचा भार कशाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दाजी! हौसाबाई चेअरमन झाली."

फोनमध्ये एक गाय हंबरली.

बंकटला वाटलं, दाजींना आनंदाने बोलवत नाही. म्हणून त्याने उरलेली बातमीही सांगून टाकली.

"आन एक काम झालं, दाजी. हौसाबाई संस्थेचा गोठा काढतीया. शेण काढायला जाणता मानूस पायजे म्हनत हुती. मी लगोलग तुमचं नाव दिऊन टाकलं."