आपलं आपण चालणारं घड्याळ

दिवाण त्र्यंबकरावांची पत्नी गेली, त्याच आठवड्यात त्यांचं खिशातलं घड्याळ बंद पडलं आणि वर्षभर खणात धूळ खात राहिलं. वर्षश्राद्ध उरकल्यावर त्यांनी ते घड्याळजी दाऊदभाईंकडे दिलं. दाऊदभाईंनी चक्रं सुटी केली, सुकून चिकट झालेलं तेल धुऊन काढलं, घड्याळ पुन्हा टिकटिकू लागलं. दुसऱ्याच दिवशी ते थांबलं.

दिवाणांनी दाऊदभाईंना बोलावून घेतलं. "गेल्या वर्षापर्यंत चाळीस वर्षं संस्थानाची दुपारची तोफ या घड्याळावर उडाली. तोवर एक दिवस थांबलं नाही. तुमचा हात लागला आणि एका दिवसात पुन्हा मेलं. उद्यापासून तुमच्या दुकानाला टाळं."

श्राद्धाला माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीला, मथूला, राहवेना.

"बाबा, आज त्याला चावी कोणी दिली?"

"चावी कसली? ते आपलं आपण चालतं."

मथूने घड्याळ वडिलांपुढे ठेवलं.

"तुम्ही उठायच्या आत आई रोज चावी द्यायची, बाबा. घड्याळ चालवणारं माणूस आपण गेल्या पौषात घाटावर पोहोचवून आलो. आता टाळं कुणाच्या दुकानाला लावणार?"

दिवाणांनी घड्याळ उचललं. चावी कुठल्या बाजूला फिरवायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं.