मागच्या सायकलवरून नदी

"मग उद्या पुढे कोण, आक्का? मी नाही तर कोण?"

रणधीरचा एक पाय पेडलवर होता, एक जमिनीवर. उत्तर आलं की उडायचं, अशी सगळी तयारी.

आक्का चाकात हवा भरत होत्या. पंप खाली, वर, खाली, वर. 

या आक्का म्हणजे शाळेतल्या खेळाच्या निवृत्त बाई. घरात बसवेना म्हणून सायकल काढली, आणि बघता बघता शाहूपुरीतल्या त्यांच्या फाटकापुढे पहाटे सायकलींची रांग लागायला लागली. दर रविवारी ही रांग पन्हाळ्याला जाते. पुढे कोणी राहायचं ते आक्का सांगतात, आणि आक्कांच्या शब्दापुढे कुणाची काय टाप!

उद्या रविवार. उद्या पाच-सहा नवी मंडळी पहिल्यांदाच येणार होती. त्यात रणधीरची धाकटी बहीण मृणालही होती. गेला आठवडाभर हा पठ्ठ्या घरात एकच सांगत होता, "रविवारी बघ, सगळ्यांच्या पुढं तुझा भाऊ असणार."

आणि आक्कांनी अजून 'हो' म्हटलं नव्हतं.

"चढाला माझ्या जवळ कोण येतं, सांगा की!"

"कोणी नाही."

"मग?"

आक्कांनी पंप काढला. टोपण लावलं.

"तुझ्या मागं असलं की मला नदी दिसत नाही."

रणधीर बघतच राहिला. नदी? हे काय मध्येच? मग त्याला वाटलं, आपले खांदे रुंद आहेत, त्यामुळं आक्कांना पुढचं काही दिसत नसेल. मनातल्या मनात जरा खूशच झाला गडी.

"आक्का, एकदा बघा तरी. आज मी पुढं राहतो. केर्लीपर्यंत जाऊ आणि परत येऊ. तुम्ही मागून बघा आणि मग ठरवा."

"चल," आक्का म्हणाल्या. "तू पुढं. तुझ्या मागच्या चाकाला मी. बाकीचे माझ्या मागं."

आता ही रांग कशी असते ते सांगायला हवं. पुढच्याच्या मागच्या चाकापासून आपलं पुढचं चाक अगदी हातभर अंतरावर ठेवायचं. वारा पुढचा खातो, मागच्याचे पाय वाचतात. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं एक हात पाठीमागं न्यायचा आणि बोट जमिनीकडं करायचं. मागच्यानं तीच खूण आपल्या मागच्याला द्यायची. रांगेचा हा रिवाज आक्का पहिल्या दिवशी शिकवतात. रणधीरलाही शिकवला होता.

निघाले.

रणधीरच्या अंगात नुसतं वारं संचारलं होतं. रस्ता मोकळा, पाय ताजे आणि पाठीला आक्का! आयुष्यात आणखी काय पाहिजे?

पण रस्ता मोकळा राहील तर तो कोल्हापूरचा रस्ता कसला? दसरा चौकाच्या अलीकडं एक स्कूटरवाला खुशाल उलट्या बाजूनं आला.

"ओ काका! लायसन कुणी दिलं?"

पुढं फिरायला निघालेले चौघं हातात हात घातल्यासारखे रस्ता अडवून चालले होते. रणधीरनं घंटी बडवली. एकानं मागं वळून शांतपणे विचारलं, "गिअरची हाय काय?"

"आहे! बाजूला व्हा!"

मग एका गाडीचं दार उघडलं. मग एसटीच्या खिडकीतून पानाची पिचकारी आली. रणधीर एकेकाचा उद्धार करत, एकेकाला चुकवत सुटला. डावीकडून, उजवीकडून, असा सुळकन जायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. नाद खुळा!

शिवाजी पूल आला आणि गेला. पुलापलीकडं त्यानं वेग वाढवला. दोन्ही हात हँडलच्या खालच्या वाकावर, मान खाली. वडणगे फाट्याच्या अलीकडं एकदम खड्डा! चांगला घमेलंभर. रणधीरनं कमरेला नुसता एक हिसका दिला आणि चाक खड्ड्याच्या काठावरून अलगद गेलं.

"वा रे पठ्ठे!" तो स्वतःलाच म्हणाला.

मागं काहीतरी वाजल्यासारखं झालं. पण कानात वारा भणभणत होता, आणि आत आनंद त्याहून जास्त. त्यानं आणखी जोर लावला. आज आक्कांना दाखवायचंच होतं.

केर्लीला पोचला. ब्रेक लावला. घामानं निथळत, हसत मागं वळला.

मागं कुणी नव्हतं.

मागं टाकलं सगळ्यांना, तो म्हणाला. बाटली काढली, पाणी प्यायला. उसाच्या शेतावरून बगळे चालले होते, ते बघितले. रस्त्याकडं बघितलं. एक दूधवाला आला. एक ट्रॅक्टर आला.

आक्का आल्या नाहीत.

आक्का कितीही दमल्या तरी इतक्या मागं पडायच्या नाहीत...

आणि मग त्याला तो आवाज आठवला.

त्यानं सायकल वळवली आणि जो सुटला तो येताना सुटला नसेल असा सुटला.

वडणगे फाट्याच्या अलीकडं सगळे रस्त्याच्या कडेला उभे होते. आक्का दगडावर बसल्या होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलवटला होता. रांगेतले तांबोळी डॉक्टर बाटलीतलं पाणी घालून जखमेतली खडी काढत होते. आक्कांची सायकल आडवी पडलेली. साखळी उतरलेली, हँडल वाकडं.

रणधीरनं सायकल तिथंच टाकली.

"आक्का! काय झालं?"

 डॉक्टरांनी नुसतं खड्ड्याकडं बघितलं.

"पण मी तर... मी तर चुकवला होता तो!"

"चुकवलास," आक्का म्हणाल्या. "फार छान चुकवलास. मी बघितलं ना."



आक्कांनी तो सोलवटलेला हात डॉक्टरांकडून सोडवून घेतला. सावकाश पाठीमागं नेला. बोट जमिनीकडं केलं. तसाच धरून ठेवला...

बोटावरून रक्ताचा थेंब खाली पडला.

रणधीरचे डोळे भरून आले. लाज वाटली आणि भीतीही वाटली. कारण त्या दगडावर त्याला एकदम मृणाल दिसली. उद्या तो पुढं राहिला, तर त्याच्या पाठीला मृणालच असणार होती. तिला तर अजून धड पडायलाही येत नव्हतं.

"चुकलं माझं, आक्का."

"साखळी बसव आधी," आक्का म्हणाल्या.

त्यानं साखळी बसवली. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं. 

"चला," आक्का उठल्या. "रणधीर, पुढं हो."

"मी? अजून मीच?"

"मग काय मी? हात दुखतोय माझा."

परत निघाले. आणि काय सांगायचं, आता रणधीरचा एक हात हँडलवर कमी आणि पाठीमागं जास्त. खड्डा, खूण. वाळू, खूण. शेण, खूण. साधी कागदाची पिशवी पडलेली, तरी खूण! मागं डॉक्टर हसायला लागले. हसेनात का. एकेक खूण शेवटच्या सायकलपर्यंत पोचल्याचं त्याला कळत होतं, आणि दर वेळी छाती भरून येत होती. पन्हाळ्याचा चढ सगळ्यांच्या आधी चढूनही त्याला कधी असा आनंद झाला नव्हता.

पुलावर समोरून एक म्हैस आली. त्यानं हात वर केला, वेग कमी केला. अख्खी रांग सावकाश झाली.

"जाऊ द्या तिला आधी!" तो मागं ओरडला.

चौकात जातानाचा तोच स्कूटरवाला, परत उलट्या बाजूनं! रणधीरच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मागं आक्कांचा सोलवटलेला हात होता. त्यानं आधी मागं खूण केली, रांग कडेला घेतली, आणि मग म्हणाला, "या काका. सावकाश जावा."

काकाच गडबडले. ब्रेक लावून उभे राहिले बिचारे.

फाटकापाशी सगळे उतरले. रणधीर आक्कांची सायकल धरायला धावला. निघतानाचा प्रश्न त्याच्या ओठांवर नव्हता. उलट त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

"आक्का, उद्या पुढं दुसऱ्या कुणाला तरी ठेवा. मी मृणालला सांगतो, मी कच्चा आहे म्हणून."

आक्कांनी फाटकाची कडी काढली.

"येताना पुलावरून नदी बघितलीस?"

"नदी?" रणधीर गोंधळला. "नाही हो. रस्त्यावरून नजर काढायला सवड कुठं होती?"

"मी बघितली."

"तुम्ही?... माझ्या मागून?"

आक्कांनी चांगल्या हातानं सायकल आत घेतली.

"उद्या मृणालला तुझ्याच मागं ठेव. आणि पुलावर आलात की सांग तिला, नदी बघ म्हणावं."