घर आधी की धागा आधी?

एका रानात, ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या आंब्यावर, तांबड्या मुंग्यांचे मोठे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत होते. बाळांनो, या मुंग्या मातीत राहत नाहीत बरे! हिरवी पाने ओढून जवळ आणायची आणि धाग्याने शिवायची, असे त्यांचे घर. गंमत अशी, की धागा मोठ्या मुंग्यांजवळ नसतोच. तो असतो त्यांच्या बाळ अळ्यांच्या तोंडात. मोठी मुंगी बाळाला अलगद उचलते, या पानावरून त्या पानावर फिरवते, की झाली शिवण. यंदा मात्र किड्यांनी आंबा पोखरला. पाने वाळली, घराला भोके पडली आणि खालच्या फांदीवर एक सरडा जिभल्या चाटत येऊन बसला. "तुमची राणी आणि बाळे उघडी पडायला फार तर दोन दिवस," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

मुंग्यांच्या मुकादमीणबाईंना मात्र भारी घाई होती. शेजारचा फणस हेरून त्यांनी हजार मुंग्या कामाला जुंपल्या. त्यांच्यात एक म्हातारी मुंगी होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. ती म्हणाली, "अगं, आधी एक पान वाकवून तरी पाहू. आणि शिवायला बाळ कुठंय?"

"मावशी, तुम्ही तर ताकसुद्धा फुंकून पिणार!" मुकादमीण करवादली. "बाळांना उघड्यावर आणायचं नाही, ही आपली रीत. घर झालं की वाजतगाजत आणू." मग काय, हजार मुंग्यांनी एकमेकींच्या कमरा धरून फणसाचे जाड पान सकाळभर ओढले. ते जेमतेम वाकले, आणि एकीचा पाय सुटताच फटकन सरळ झाले. कितीतरी जणी खाली आदळल्या. घर पाहावे बांधून म्हणतात ते उगीच नाही! मावशीला त्या पोरींची दया आली आणि मुकादमिणीचा रागही आला, पण आधी तिने पडलेल्यांना उठवून उभे केले.

तेवढ्यात सरडा एक फांदी वर सरकला. मुकादमीण मटकन खालीच बसली. "घर नाही म्हणून बाळं आणता येत नाहीत, आणि बाळं नाहीत म्हणून घर शिवता येत नाही. आता काय करायचं हो, मावशी?"

मावशीने सरड्याकडे एकदा पाहून घेतले. मग ती म्हणाली, "रीत मोडायची नाही. पण घर हजारांचंच असावं, असं कुणी सांगितलंय?" फणसाचा नाद सोडून तिने सगळ्यांना पलीकडच्या जांभळीवर नेले. तिथे कुठल्याशा सुरवंटाने गुंडाळून सोडून दिलेले एक पान होते. "हे बघ, एका बाळापुरतं घर. जुनं आहे, दुसऱ्याचं आहे, पण आज चालेल."

मग तिने जांभळीचे एक पान वाकवून पाहिले. वाकले. तिघी जणींची साखळी शेजारच्या पानापर्यंत पोचते का, तेही पाहिले. पोचली. तेव्हा कुठे एकच बाळ पोटाशी धरून आणले, गुंडाळलेल्या पानात जरा विसावू दिले आणि त्याच्या तोंडचा धागा दोन्ही पानांना लावला. धागा सुटला! मुंग्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मावशीने पानावर पाय फिरवला. ते धुळीने माखले होते. "अगं, धूळ आहे नुसती! पुसा आधी." पान पुसून तिने पुन्हा धागा लावला, थोडी थांबली आणि जोर लावून ओढून पाहिला.

"चिकटला गं बाई!" मावशी ओरडली, आणि हजार मुंग्यांचा जीव भांड्यात पडला.

दोन पानांचे घर झाले, त्यात चार बाळे आली. त्या चौघांच्या धाग्याने आठ पाने शिवली गेली, तिथे आणखी बाळे आली. मुकादमीण आता प्रत्येक पान पुसून, वाकवून मगच पुढच्या पानाकडे वळत होती. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत राणी नव्या घरात शिरली. तेवढ्यात आलेल्या वाऱ्याच्या झोतात आंब्यावरचे वाळके घर खाली पडले. सरड्याने धावत जाऊन ते उचकटले, तर आत होता नुसता पाचोळा!

मुकादमिणीला हसू आवरेना आणि डोळ्यांतले पाणीही थांबेना. ती म्हणाली, "मावशी, ते सुरवंटाचं पान जपून ठेवू का?"

"पडू दे गं आता," मावशी म्हणाली आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच पाय पसरून बसली. "आता आपलं घर आपल्याला शिवता येतं."

तात्पर्य : मोठे काम अडून बसले, तर उसन्या आधारावर का होईना, लहान सुरुवात करावी, आणि साधने एकमेकांशी जुळतात का, हे एका पानावर पाहून मगच हजार पानांना हात घालावा.