नबीलाल वस्तादांची जोड

“मग तालीम माझ्या हातात कवा देणार, वस्ताद?”

हिंदुरावाने हे सगळ्या पोरांसमोर विचारले. विचारणारच! गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारल्या, पण पठ्ठ्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती.

नबीलाल वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती खोऱ्याने खालीवर करत होते. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. त्यांनी खोरे बाजूला ठेवले.

“कधीच हरला न्हाईस?”

“कधीच न्हाई.”

“मैदानात जोड ठरवताना समोरच्याचा हात धरतोस. धरल्या धरल्या ताकद कळती. ज्याचा हात जड लागला, त्याचं काय केलंस?”

हिंदुराव मांडीवरची माती झटकू लागला.

“हिंद्या, तुला इचारतोय.”

“सोडला. म्हटलं, जोड जमत न्हाई.”

पोरे अवाक झाली. ज्याच्या नावाने ती शड्डू ठोकत, तो गडी इतकी वर्षे हलके हात निवडत आला होता!

वस्तादांनी सदरा काढला, लंगोट आवळला आणि हौद्यात उतरून हात पुढे केला.

“धर.”

“वस्ताद... तुमच्यासंगं?”

“का? ह्याच्यापरीस हलका हात मिळंल तुला? मला चीत कर आन् तालीम घे.”

हिंदुराव हौद्यात उतरला. त्याने हात धरला. हाताची नुसती काडी झाली होती. एका झटक्यात म्हातारा आडवा झाला असता.

पण ह्याच हाताने त्याला पहिला डाव शिकवला होता. पाडावे, तर गुरूला पाडल्याचे पाप. न पाडावे, तर तालीम गेली. आणि लढताना ह्या म्हाताऱ्यानेच एखाद्या डावात चीत केले, तर? एवढा जड हात हिंदुरावाने जन्मात धरला नव्हता.



शेवटी त्याने हात सोडला. आणि आपणहून हौद्यात उताणा पडला. दोन्ही खांदे मातीला टेकवून. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“अरारारा!” पोरे ओरडली. हिंदुराव चीत! एकाने तर हात जोडले. गुरूसाठी केवढा हा त्याग!



“परत सोपंच धरलंस,” वस्ताद म्हणाले. “ऊठ. लढ.”