गुरवाने लावलेली वेल

फार पूर्वी, डोंगरांत गाडीवाटा पडल्या नव्हत्या त्या काळी, एका गावाच्या उत्तरेस घनदाट देवराई होती. राईतले सारे देवीचे. तेथून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा गावाचा नेम होता. त्या नेमाची राखण एक गुरव करीत असे. वीस वर्षांत त्याने सरपणाची एक ढलपीही बाहेर जाऊ दिली नव्हती, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता.

एकदा दूरच्या जत्रेत त्याला जांभळ्या तुऱ्यांची वेल दिसली. देवीच्या मंडपावर ती किती शोभेल, या हौसेने त्याने तिची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि देवळामागे रोवली. हे कोणाला सांगायचे राहून गेले. पुढे तुरे उमलले तेव्हा गावकरी म्हणाले, "देवीने स्वतःच शृंगार केला!" लांबलांबून भाविक येऊ लागले. गुरव गप्प राहिला. आणि जसजसे दिवस गेले, तसतसे बोलणे अधिकच अवघड होत गेले.

झाडपाल्याची औषधे देणारी एक म्हातारी दरवर्षी देवीच्या पाया पडायला थांबत असे. चौथ्या वर्षी ती आली, तेव्हा वेल देवळामागच्या हिरड्याच्या झाडावर शेंड्यापर्यंत चढली होती. म्हातारी वर पाहतच राहिली.

"गुरवदादा, ह्या हिरड्याला काय झालं?"

"काय व्हायचंय? कसा नटलाय बघा!"

"नटलाय? अरे, गळा आवळलाय त्याचा, आणि तू म्हणतोस हार घातलाय!"

तिने वेलीचा पडदा बाजूला सारला. आत हिरड्याच्या फांद्या वाळून गेल्या होत्या. हात लावताच एक कडकन मोडली. म्हातारीने वेलीचे पान उन्हात धरले.

"एक तरी भोक दाखव. शेजारचं जांभळाचं पान बघ, अळीनं चाळण केलीय. ह्या वेलीला इथली अळी खात नाही, पाखरू तिच्यात घरटं बांधत नाही. इथल्या कुणाचीच ही कुणी नव्हे. कुठून आली?"

"देवीची कृपा," गुरव पुटपुटला.

"कृपाच म्हण! आणखी दोन पावसाळे गेले, की ही सगळी राई आडवी करील."

ज्या नेमाची गुरव राखण करीत होता, तोच नेम आता वेलीची राखण करीत होता. वेल उपटायची तर ती देवीची नव्हे, हे सांगावे लागणार. आणि ते सांगितले की वीस वर्षांची पत जाणार, कदाचित पिढीजात गुरवकीही. खरे काय ते त्याच्यावाचून कोणालाच ठाऊक नव्हते. तो गप्प बसला असता, तर त्याला कोणी विचारलेही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाव चावडीवर बोलावले. म्हातारीही आली.

"राईतलं सारं देवीचं," तो म्हणाला, "पण ही वेल माझी आहे. मी आणली, मी लावली, आणि चार वर्षं तुमचं कौतुक ऐकत बसलो. माझं मला काढून नेऊ द्या."

"म्हणजे आम्ही इतके दिवस गुरवालाच हात जोडत होतो की!" मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला. गुरवाची मान खाली गेली.

पाटील मात्र हसले नाहीत. "गुरवकी राहील. पण पालखीचा मान आता तुझा नाही. आणि वेल तू काढायचीस. आम्ही हातभार लावू."

तरुण मंडळी उठली. "चला, झाडावर जे जे चढलंय ते ओरबाडू!"

"थांबा रे, शहाण्यांनो!" म्हातारी आडवी आली. "त्यात गुळवेलही आहे. दोघींची पानं बदामाच्या आकाराची. पण जोडीजोडीनं समोरासमोर पानं असतील, ती परकी. एकाआड एक पान असेल, ती गुळवेल. तिची साल नखानं खरवडली की कागदासारखी सुटते. भरवसा नसेल तिथं मला हाक मारा, आणि मगच उपटा."

राईत काम सुरू झाले, तसा गुरव तिच्या मातकट बोटांकडे पाहत राहिला. अक्षर न शिकलेली ती बाई प्रत्येक फांदी पोथीच्या ओळीसारखी वाचीत होती. आपण वीस वर्षे राई राखली, पण तिच्यातल्या एका तरी झाडाला ओळखतो का, असे त्याच्या मनात आले आणि तो मुकाट्याने तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला.

वेल चिवट निघाली. मुळाचा तुकडा राहिला की पुन्हा फुटे. सलग पाच पावसाळे गुरव चिखलात बसून एकेक मूळ काढीत राहिला. तो हिरडा काही वाचला नाही. मात्र त्याच्या जागी उजेड पडला आणि हिरड्याचीच चार रोपे वर आली. पालखीचा मान गुरवाला पुन्हा मिळाला नाही. पण बांधावर अनोळखी अंकुर दिसला की लोक तो आधी त्याच्याकडे आणीत. तो पाने मोजी, साल खरवडी, आणि तरीही उमगले नाही, तर म्हणे, "मला ठाऊक नाही. आजी येईपर्यंत थांबू." हे म्हणताना त्याची जीभ आता अडखळत नसे.

तात्पर्य: ज्याची राखण करायची, त्याची आधी ओळख करून घ्यावी, आणि जो आपली चूक चारचौघांत आपली म्हणतो, त्यालाच ती मुळासकट उपटता येते.