काचमण्यांची माळ

एका राज्यात सोनं उदंड झालं होतं; गाईंच्या गळ्यातल्या घंटादेखील सोन्याच्या. तरी राजा विक्रांतसेनाची हाव काही सुटेना. त्यानं डोंगरातल्या मांत्रिकाचं पुरलेलं धन उकरलं, आणि त्यातला कंठा एकुलत्या लेकीच्या, कुमुदिनीच्या, गळ्यात घातला. बापाची माया, दुसरं काय! पण कंठा शापित होता. राजकन्या सोन्याची होऊ लागली. पावलं गेली, हात गेले, डोळे मिटले. उरला फक्त श्वास.

तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजा, खऱ्या सोन्याचा शाप खोट्या दागिन्यानं उतरतो. धुक्यापलीकडे खोट्या दागिन्यांचा बाजार भरलाय. पितळी पैंजण, लाखेच्या बांगड्या, काचमण्यांची माळ आण. तूच जा, तूच निवड. सूर्य मावळला की श्वासही सोन्याचा होईल."

राजा एकटाच निघाला. धुकं सरलं आणि समोर पालं दिसली. वाऱ्यावर डूल हलत होते, काचेचे रंग मातीवर सांडले होते.

पहिल्या पालातली बाई पैंजणांचे चाळीस म्हणाली. राजानं निमूट चाळीस कवड्या ठेवल्या, तोच पैंजण हातात सोन्याचे झाले. बाईनं कपाळाला हात लावला.

"अहो बाबा, सांगितल्या भावात कुणी घेतं का? मी चाळीस म्हणायचं, तुम्ही दहा. मग रुसून चार पावलं जायचं. मी हाक मारीनच."

राजा लाजत "दहा" म्हणाला आणि रुसून निघाला. हाक आली. दुसरा जोड पंधराला पडला, आणि पितळेचाच राहिला.

दुसऱ्या पालात कासारानं विचारलं, "माप?"

राजाला माप कुठलं ठाऊक! मग त्याला आठवलं, गेल्या वर्षी लेक तापानं फणफणली तेव्हा तिचं मनगट धरून तो तीन दिवस बसला होता. त्यानं बोटांचं तसंच कडं केलं. कासारानं त्यावर बांगडी धरून पाहिली आणि मान डोलावली.

तिसऱ्या पालात एक म्हातारी होती. "लेकीला रंग कोणता आवडतो?"

राजानं मान खाली घातली. "ठाऊक नाही, आजी. मी आजवर तिच्यासाठी फक्त महाग काय ते पाहिलं."

"मग बस. एकेक माळ तिच्या गळ्यात घालून बघ, मनातल्या मनात."

राजा मातीत मांडी घालून बसला. लाल पाहिली, हिरवी पाहिली, पुन्हा लाल. आभाळात सूर्य पेंगत राहिला. माळांमागून लेकीचा चेहरा हळूहळू स्पष्ट झाला. गळ्याच्या खळीत तिला एक तीळ होता. तो झाकू नये म्हणून राजानं आखूड, जांभळी माळ उचलली. वीस सांगितले, आठाला मिळाली.

सूर्य मावळायच्या आत राजा महालात पोचला. पैंजण चढले, पावलं मऊ झाली. बांगड्या चढल्या, हात हलले. माळ गळ्यात पडताच शापित कंठ्याची राख झाली. मांत्रिकाचं धन राजानं मुकाट डोंगरात नेऊन पुरलं, आणि राज्याला पुन्हा सुखाची झोप लागू लागली.

राजकन्येनं मात्र जागी होताच आधी माळ चाचपली होती.

"बाबा, केवढ्याला?"

"आठ कवड्या."

"फसलात! पाचाला मिळाली असती." मग आरशात पाहून ती हसली. "पण जांभळाच आवडतो मला, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

राजानं तिचं ऊबदार मनगट हातात घेतलं.