आधी बिबट्याचं

ओढ्यातल्या खडकावर बसून रोज सकाळी बातम्या सांगणारी एक टिटवी होती. सुगरण तिला दाणे देई आणि आपल्या घरट्यांची जाहिरात करून घेई.

पुढे पोपट आला. तो सात डोंगरांपलीकडच्या गमती सांगे. सगळे तिकडे वळले, सुगरणीचे दाणेही. मग टिटवीही त्याच गमती घोकू लागली.

एकदा सशाने विचारलं, "टिटवीबाई, पाणवठ्यावर बिबट्या आलाय का?" टिटवीला सांगता येईना. पोपटालाही. तहानलेला ससा तसाच पाणवठ्यावर गेला, तो परतलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून टिटवी उजाडताच पाणवठ्यावरचे ठसे पाही आणि बिळाबिळाशी जाऊन सांगे. सगळे तिची वाट पाहू लागले. सुगरण दाणे घेऊन धावली, "आधी माझ्या घरट्यांचं सांग!"

"सांगते की," टिटवी म्हणाली, "पण आधी बिबट्याचं."